मोजणीत न धरलेली

चेन्नईत ऑक्टोबर आला हे कळायला कॅलेंडर लागत नाही. शेजारच्या घरांतून नवरात्रातल्या कोलूच्या पायऱ्या मांडल्या जातात, त्यांवर बाहुल्या बसतात, जिन्यात सुंडलच्या, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीच्या, फोडणीचा वास भरून राहतो. कॉर्पोरेशनची माणसं गटारांची झाकणं उघडून गाळ उपसतात आणि तो तिथंच कडेला ठेवून निघून जातात. वेलचेरीसारख्या सखल भागातले आम्ही लोक मग आभाळाकडे बघत, आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावायच्या तयारीला लागतो. परतीचा म्हणून जो पाऊस बाकीच्या देशाला रामराम करतो, तो आमच्याकडे तेव्हा यायला निघालेला असतो. आणि नेमका त्याच दिवसांत माझ्या घरी दारफळणीचा सण येतो.

हा शब्द हल्ली समजावून सांगावा लागतो. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. बाकीचं जग ज्याला योम किप्पूर म्हणतं, त्या प्रायश्चित्ताच्या उपासाला अलिबागकडच्या आमच्या बायका दारफळणी म्हणायच्या. दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, पाण्याचा थेंबही न घेता बसायचं आणि वर्षभरात आपण काय काय केलं ते आठवायचं. माझी आई म्हणायची, "देवाला सगळं ठाऊक असतं गो. आठवायचं असतं ते आपण."

गेली सात वर्षं मला फारसं काही आठवावं लागत नाही. एकच गोष्ट आठवते, आणि ती पुरते.

नोमी आमच्या घरी पहिल्यांदा आली ती मे महिन्यातल्या एका दुपारी. बेचाळिशीची बाई, सुती साडी, घामानं डबडबलेली, हातात आमच्यासाठी आणलेली नुंगूची, म्हणजे ताडगोळ्यांची, पिशवी. माझा नवरा सॅम रेल्वेतून निवृत्त झाला होता आणि इथल्या आमच्या मंडळींचा मुकादम होता. मुकादम म्हणजे सिनेगॉगचा, आमच्या प्रार्थनागृहाचा, कारभारी. सिनेगॉग आमच्याकडे नव्हतंच. एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत, औषधांच्या एका ठोक दुकानाच्या माडीवर भाड्याचा हॉल होता आणि तेरा घरं होती, तेवढ्याचा तो मुकादम. पण त्या शब्दानं त्याची पाठ ताठ व्हायची.

"मी राब्बी आहे," नोमी म्हणाली. राब्बी म्हणजे आमचे धर्मगुरू, आणि ते आम्ही पुरुषच पाहिलेले.

सॅम हसला. "म्हणजे राब्बींच्या मिसेस."

"नाही अंकल. राब्बींचे मिस्टर खाली गाडी लावताहेत."

मी स्वयंपाकघरात फस्सकन हसले होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पहिल्या दिवशी ती मला आवडली होती.

ती ठाण्याची. वडील कारखान्यात फिटर. स्वतः कॉलेजात दहा-बारा वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि सदतिसाव्या वर्षी नोकरी सोडून परदेशी राब्बी व्हायला गेली. पाच वर्षं नवरा इथं, ती तिथं. परत आल्यावर तिनं आपल्याच माणसांची दारं ठोठावली. शहरातल्या आणि कोकणातल्या सिनेगॉगांनी तिला चहा दिला, कौतुक केलं, मुलांना हिब्रू शिकवा म्हणाले. राब्बी मात्र तिला कुणी म्हटलं नाही. "लाडवासारखी गोष्ट आहे आंटी," ती मला म्हणाली होती. "बायकांनी वळावेत, बायकांनी वाढावेत. पंगतीला बसायचं म्हटलं की पान कमी पडतं." पुढे तिच्या नवऱ्याला सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी लागली आणि ती चेन्नईला आली. मूठभर लोकांच्या गावात तरी जागा मिळेल, असं तिला वाटलं असावं.

तोवर आमचं ज्यूपण वर्षातून तीन दिवसांचं होतं. नव्याचा सण म्हणजे आमचं नवं वर्ष, दारफळणी आणि एखाद्याची मयत. नौदलातून निवृत्त झालेले डॅनियल अंकल तेवढे हिब्रू भरभर वाचायचे. आम्ही बाकीचे कुठे उभं राहायचं आणि कुठे बसायचं हे त्यांच्या पाठीकडे बघून ठरवायचो. नोमीनं शनिवारी मुलांचा वर्ग सुरू केला. सात मुलं होती. माझ्या मुलाची मुलगी लिआ त्यातलीच, तेव्हा अकरा वर्षांची. मुलगा-सून दोघं नोकरीला, त्यामुळे लिआ शाळेतून थेट आमच्याकडे येई. आल्या आल्या ती दप्तर टाके आणि हिब्रू अक्षरं गिरवायला बसे. प्रार्थना गायच्या चाली नोमीनं तिला रंगीत पेन्सिलींनी कागदावर मांडून दिल्या होत्या. निळी खूण म्हणजे आवाज वर, लाल म्हणजे खाली. पोळ्या लाटताना मला ऐकू यायचं, आणि माझ्याही नकळत माझं लाटणं त्या चालीवर फिरायचं.

माझी आई तेव्हा आमच्याकडे होती. चौऱ्याऐंशी वर्षांची. माझं नाव विसरायची, जेवल्याचं विसरायची. पण तिचे वडील कीर्तनकार होते. आमच्यात मराठीत कीर्तनं व्हायची, योसेफाची, मोशेची. ती तिला अख्खीच्या अख्खी येत होती. हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं. नोमीला दोन बैठकांत कळलं. ती जमिनीवर वही घेऊन बसायची आणि आई पलंगावरून एका हातानं ताल धरत योसेफाला त्याच्या भावांनी विहिरीत कसं टाकलं ते गायची.

"पुढं काय झालं आजी?" नोमी विचारायची.

"विकला की," आई म्हणायची. "सख्ख्यांनीच विकला. परक्याला काय पडलंय?"

पहिल्या वर्षी दारफळणीच्या दिवशी सॅमनं नोमीला शेवटी दहा मिनिटं दिली. मुलांसाठी काही बोला, म्हणाला. त्या दिवशी योनाची गोष्ट वाचतात, माशाच्या पोटात गेलेल्या प्रेषिताची. हिब्रूतून ती आम्ही दरवर्षी ऐकत होतो आणि दरवर्षी पेंगत होतो. नोमीनं ती मराठीतून सांगितली. असा रुसका माणूस तिनं उभा केला, की देवानं शहर वाचवलं याचाच त्याला राग आलाय. आपण सांगितलेलं संकट आलं नाही म्हणून हिरमुसून उन्हात बसलाय. उपासानं कोमेजलेली माणसं चक्क हसली. डॅनियल अंकलनी चष्मा काढून डोळे पुसले. घरी येताना सॅम म्हणाला, "बरं बोलते." त्याच्या तोंडून हे फार होतं.

आणि त्याच वर्षी पूर आला.

वेलचेरीतल्या पुराविषयी लोक बोटींच्या गोष्टी सांगतात. माझ्या लक्षात वास राहिलाय. सांडपाणी, डिझेल आणि कुणाच्या तरी तळमजल्यावरच्या देवघरातला भिजलेला कापूर. वीज नव्हती, फोन नव्हता, सॅमचं इन्सुलिन संपत आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नोमी आली. कोळ्यांच्या एका बोटीतून, गुडघ्यापर्यंत चिखल, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली वही. त्या वहीत तेराही घरं होती. कोण कुठल्या मजल्यावर, कोणाला कसलं औषध, कोणाला चालता येत नाही. इन्सुलिन तिनं बर्फाच्या डब्यात आणलं होतं. आईला तिनं आणि त्या कोळ्यानं खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे एग्मोरच्या माडीवर होतो.

आमच्या मजल्यावरच्या सरोजाम्माही आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या तंजावरच्या मराठ्यांपैकी. तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आलेली त्यांची मराठी तमिळच्या हेलकाव्यावर चालते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती अर्धी कळते, पण माया पुरी कळते. त्या शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये शब्बाथचे दिवे लावताना नोमीनं सगळ्यांना बोलावलं. आमचे, त्यांचे, खालच्या दुकानातले हमाल, सगळे. मनुकांचं शरबत फिरवलं. सरोजाम्मांनी माझ्या कानाशी लागून विचारलं, "ही तुमची गुरु का हो?"

मी म्हटलं, "हो."

सहज म्हटलं. तेव्हा ते खरंच होतं. हॉलमध्ये काढलेल्या त्या नऊ दिवसांत सॅमनं तिला किमान शंभरदा राब्बी म्हणून हाक मारली असेल. राब्बी, तांदूळ कुठे ठेवू. राब्बी, डॉक्टरांना विचारता का. पाणी होतं तोवर ती राब्बी होती. ओसरलं, आणि ती हळूहळू बाई झाली.

पुढच्या वर्षभरात नोमीनं एक मोठं काम हाती घेतलं. आमच्याकडे सेफेर तोरा नव्हती. सेफेर तोरा म्हणजे चामड्यावर हातानं लिहिलेली पवित्र पोथी, दोन दांड्यांवर गुंडाळलेली. ती नसेल तर प्रार्थनेला गाभाच नाही असं आम्ही मानतो. कोकणातल्या एका गावच्या सिनेगॉगात तीन पोथ्या होत्या आणि आमच्या लोकांचं घर एकच उरलं होतं. नोमी दोनदा तिथं गेली. पत्रं लिहिली, विश्वस्तांच्या घरी जाऊन बसली, पोथी दमट हवेत कशी जपायची ते शिकून आली. हॉलमध्ये सागवानी कपाट करून घेतलं. दारफळणीनंतर दोन आठवड्यांत सिमहाथ तोरा येतो, पोथी हातात घेऊन नाचण्याचा सण. त्या दिवशी नवी आलेली पोथी उघडायची आणि बारा वर्षांची झालेली लिआ त्यातून पहिल्यांदा वाचणार, असं ठरलं होतं. लिआनं वर्षभर तयारी केली. निळ्या-लाल खुणांचा तो कागद घड्यांवर फाटला, मग तिनं त्याला चिकटपट्टी लावली.

सणाच्या दहा दिवस आधी विश्वस्तांचं पत्र आलं. सॅमनं ते जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. सोबत एक करारनामा होता आणि खाली सह्यांसाठी तीन रेघा, तिसरी मंडळातल्या बायकांच्या वतीनं.

"काय आहे?"

"काही नाही गं. औपचारिक आहे. पोथी पुरुषांनीच उघडायची, पुरुषांनीच वाचायची. आणि आपल्या मंडळात स्त्री राब्बी पदावर नाही, असं लिहून द्यायचं."

"पण आहे की."

"पदावर म्हणजे काय?" सॅम पत्राकडे बघत म्हणाला. "आपण तिला नेमणुकीचं पत्र कुठे दिलंय?"

बत्तीस वर्षं रेल्वेत फायली हाताळलेला माणूस. दिलं नव्हतंच. तिनं मागितलं नव्हतं आणि आम्हाला सुचलं नव्हतं.

"लिआचं काय?"

"लिआ लहान आहे. विसरेल. एस्थर, आपण तेरा घरं. त्या लोकांनी आपल्याला आपलं म्हणायला नको? उद्या लिआचं लग्न ठरवायचं झालं आणि कुणी म्हणालं की चेन्नईवाले बाईला राब्बी मानतात, तर?"

"नोमीला सांगितलंस?"

"सांगू. पोथी तर येऊ दे."

सॅम भित्रा होता. त्याला मी आजही तेवढंच म्हणेन. भीतीपोटी माणूस जे करतो, ते त्यानं केलं. मी भीतीपोटी केलं नाही. म्हणून माझं जास्त.

नोमी यायच्या आधी तेरा घरांतल्या बायका माझ्याकडे येत. सून ऐकत नाही, मासळी शिजवल्या भांड्याचं काय करायचं, मुलाला नाव काय ठेवायचं, सगळं मला विचारत. मी मुकादमाची बायको, शाळेतली बाई, मला उत्तरं येत असत. नसली तरी मी देत असे. मग त्या नोमीकडे जायला लागल्या. कुणी मला मुद्दाम टाळलं नाही. फक्त फोन यायचे थांबले. माझी स्वतःची आई माझं नाव विसरायची आणि 'ती वहीवाली आली का' म्हणून विचारायची. लिआ घरी येऊन सांगायची, "राब्बी आंटी म्हणते की..." आणि पुढे जे काही असे ते मी ऐकत नसे. मला ऐकू यायचं ते फक्त 'राब्बी आंटी म्हणते'.

मी पेन घेतलं आणि तिसऱ्या रेघेवर सही केली. बरं वाटलं. घट्ट चप्पल काढल्यावर पायाला वाटतं तसं. पुढची सात वर्षं मी याला परंपरा म्हटलं, नियम म्हटलं, नवऱ्याचा शब्द म्हटलं. होतं ते एवढंच.

पोथी मुंबईच्या गाडीनं आली. नोमी सातही मुलांना घेऊन एग्मोर स्टेशनवर गेली होती, मोगऱ्याच्या वेण्या घेऊन. फलाटावर हमालांनी वाट करून दिली. कसली का असेना, देवाची वस्तू आहे हे त्यांना कळलं होतं. हॉलमध्ये आल्यावर नोमीनं स्वतः खोका उघडला. आत कापसात गुंडाळलेली पोथी होती आणि वर करारनाम्याची एक प्रत.

आम्ही सगळे उभे होतो. सॅम खिडकीचा अडसर नीट करत होता, जो नीटच होता. नोमीनं कागद वाचला. एकदा, मग पुन्हा सावकाश, सह्यांपर्यंत. घडी होती तशीच घातली आणि माझ्याकडे वळली.

"आंटी, किती वळणदार अक्षर आहे तुमचं," ती म्हणाली. "शाळेतल्या बाई ना तुम्ही."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

संध्याकाळी सण झाला. पुरुषांनी पोथी खांद्याला लावून हॉलमध्ये सात फेऱ्या घातल्या. चांदीच्या घुंगरांचा आवाज झाला. नोमी मागे बायकांत बसली होती. पिवळी साडी नेसून आली होती, टाळ्या वाजवत होती, मुलांना प्रत्येक फेरीचा अर्थ सांगत होती. लिआ हातात कागद घेऊन तिच्याजवळ गेली.

"राब्बी आंटी, माझा नंबर कधी?"

"आज नाही, राजा."

"उद्या?"

नोमीनं माझ्याकडे पाहिलं. "आजीला विचार."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. कितीतरी दिवसांनी बायका उत्तरासाठी माझ्याकडे बघत होत्या.

"देवासमोर मुली वाचत नाहीत, लिआ," मी म्हटलं. "तसा नियम आहे आपल्यात."

लिआ रडली नाही. तिनं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि घालतच राहिली, पुढे घडी होईना तोवर.

त्या सणाच्या आदल्या दिवशी आम्ही पावसासाठी प्रार्थना करतो. पाऊस आशीर्वाद होऊन यावा, अशी विनवणी असते तिच्यात. मागच्या वर्षीच्या पुरानंतर वर्गातली मुलं नोमीला म्हणाली होती, "राब्बी आंटी, यंदा थोडाच मागूया हं." त्यावर ती पोट धरून हसली होती. त्या वर्षी आम्ही प्रार्थना केली ती डॅनियल अंकलनी भरभर वाचलेल्या हिब्रूत. किती मागितला, कुणालाच कळलं नाही. पाऊस आला तो यायचाच तेवढा आला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, चक्रीवादळाच्या पावसात, आई गेली. दुपारचे दोन वाजले होते. तिला शेवटची अंघोळ घालायला बायका हव्या होत्या. मी फोन करत सुटले. कुणाच्या सोसायटीत पाणी होतं, कुणाला रिक्षा मिळत नव्हती. नोमीला मी फोन केला नव्हता. कुठल्या तोंडानं करणार? ती आली. कुणाकडून कळलं, ते मी विचारलं नाही.

सणापासून ती हॉलमध्ये येत नव्हती. कुणाशी भांडली नाही, पत्र लिहिलं नाही. शनिवारचा वर्ग थांबला, एवढंच. तिनं पदर खोचला, हात धुतले आणि आईच्या उशाशी उभी राहिली. मी पाणी ओतत होते, ती अंग पुसत होती. आधी उजवी बाजू, मग डावी. तोंडानं हिब्रू प्रार्थना चालू होत्या आणि मधेच मराठीत, "आजी, जरा मान वळवते हं." जिवंत माणसाला सांगावं तसं. पांढरं कफन घातलं, सब्जाची पानं ठेवली. तासाभरात ती माझ्याशी एक शब्दही वावगा बोलली नाही. मला वाटत होतं की बोलावं. मी तशी संधी मिळावी म्हणून दोनदा उगाच बाथरूमचं दार लावून घेतलं. ती फक्त म्हणाली, "टॉवेल द्या."

आमची दफनभूमी जुनी, लहान, चार भिंतींच्या आत. कडुनिंबाखाली पाणी साचलं होतं. मयतीनंतर कद्दिश म्हणतात. ती प्रार्थना म्हणायला दहा जण लागतात, आणि आमच्या जुन्या रीतीप्रमाणे दहाही पुरुष. सॅमनं मोजलं. नऊ होते. दहावा, बँकेतला एक तरुण, अड्यारच्या पुलावर अडकला होता. निघालो, पोचतोच, असे त्याचे निरोप येत होते. खड्ड्यात पाणी भरत होतं. खणणारे दोघं बादलीनं ते उपसत होते, आणि उपसता उपसता पुन्हा भरत होतं.

पाऊण तास आम्ही छत्र्या धरून उभे राहिलो. माझ्या आईची पेटी ताडपत्रीखाली, आणि नऊ पुरुष घड्याळं बघताहेत. दहा पावलांवर पाच वर्षं शिकून आलेली राब्बी भिंतीला टेकून भिजत उभी.

"सॅम," मी म्हटलं. "नोमी आहे ना."

इतक्या उशिरा. पण म्हटलं.

सॅमनं डॅनियल अंकलकडे पाहिलं. डॅनियल अंकलनी खाली चिखलाकडे पाहिलं. "एस्थर," सॅम हळूच म्हणाला, "इथं नको. लिहून दिलंय आपण."

नोमीला ऐकू गेलं असावं. ती जवळ आली. "आंटी, राहू द्या. मी मोजणीसाठी आलेली नाही. आजींसाठी आलेय."

तो दहावा माणूस आलाच नाही. कद्दिश न म्हणता आईला मातीत ठेवलं. पुरुष गाड्यांकडे गेले. मी मागे वळून पाहिलं तर नोमी त्या ओल्या ढिगाजवळ उभी होती आणि गात होती, हलक्या आवाजात, एका हातानं ताल धरून. योसेफाचं कीर्तन. आईनं सांगितलेलं, अडखळत नाही, एक शब्द चुकत नाही. पावसात सगळं ऐकू आलं नाही. मी परत गेले नाही. गाडीत सॅम थांबला होता.

पुढच्या उन्हाळ्यात नोमीला दुसऱ्या देशातल्या एका मंडळानं बोलावलं. ती आणि तिचा नवरा गेले. जाण्याआधी आईच्या कीर्तनांच्या वहीची एक प्रत आमच्या दारात ठेवून गेली. बेल वाजवली नाही. आता तिथं शेकड्यांनी माणसं तिच्यामागे उभी राहतात, तिचं भाषण पडद्यावर बघता येतं. ती इंग्रजीत बोलते. चांगलंच बोलते. पण योना मराठीत जास्त रुसका होता.

इथलं सांगायचं तर डॅनियल अंकल मुलाकडे इस्राएलला गेले. ती पोथी वाचता येणारं त्यानंतर कुणी उरलं नाही. तिच्यातल्या अक्षरांना स्वरांच्या खुणा नसतात, ती शिकल्याशिवाय वाचता येत नाही. ज्यांना शिकवलं जात होतं ती सात मुलं पांगली. सॅम महिन्यातून एकदा एग्मोरला जातो, कपाट उघडतो, दमट हवेसाठी ठेवलेल्या पुड्या बदलतो, कुलूप लावतो. करारातलं एकही कलम आम्ही मोडलेलं नाही. सरोजाम्मा दर ऑक्टोबरला कोलूचं सुंडल घेऊन येतात आणि विचारतात, "तुमची ती गुरु कां हो येईना झाली? बरं सांगत होती." मी म्हणते, कामात असते. त्या मान हलवतात. त्यांच्या वयात एवढं कळतं.

यंदा दारफळणीच्या आदल्या दुपारी मी नोमीला फोन लावला. उपासाआधी, ज्यांचं आपण वाईट केलं त्यांची माफी मागायची आमच्यात रीत आहे. देव त्याच्यापुरतं माफ करतो, माणसाचं माणसाकडे मागावं लागतं. सात वर्षं मी पुऱ्या तळल्या, पांढरी साडी इस्त्री केली, आणि हा फोन केला नाही.

"आंटी!" तिचा आवाज तसाच होता. मी जे बोलायचं ते बोलले. लिहूनच घेतलं होतं, वाचून दाखवलं. सहीचं खरं कारणही त्यात होतं.

"मी केव्हाच सोडून दिलंय ते," ती म्हणाली. "मला दुसरं पान मिळालं. पण लिआला विचारलंत?"

लिआ आता एकोणीस वर्षांची, बंगळूरला डिझाइन शिकते. तिला फोन केला तेव्हा मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी सहीचं सांगितलं, माफी मागितली.

"सोड ना आजी," ती म्हणाली. "किती जुनं." मग, "पण तू सही का केलीस?"

"मला नोमीचा हेवा वाटायचा."

"म्हणजे? नियम म्हणून नाही?"

"नाही."

"तुला तसं वाटत नव्हतं? मुलींनी देवासमोर वाचू नये असं?"

"कधीच वाटलं नाही, बाळा."

पलीकडे भांडी वाजत राहिली. "मला वाटायचं तुला खरंच तसं वाटतं," लिआ म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली, हिशेब जुळत नसताना माणूस बोलतो तसं. "मला वाटलं, माझी आजी खोटं बोलणार नाही. तिला माझा आवाज एवढा आवडायचा, तरी ती नाही म्हणाली, म्हणजे देवालाच नको असणार. म्हणून मी सगळं सोडलं, आजी. त्याला नको तर मलाही नको." मग म्हणाली, "ठेवते. मेस बंद होईल."

मी फोन हातात घेऊन बसले. खाली गटाराच्या कडेला गाळ सुकत पडला होता. उपास लागायला अजून तासभर होता.

"लिआ का?" सॅमनं आतून विचारलं. तो पांढरा सदरा घालत होता. "उपास धरलाय ना तिनं?"

"नाही," मी म्हटलं. "तिचा उपास आपणच मोडला. सात वर्षांपूर्वी."

सॅम दारात येऊन उभा राहिला. बटणं लावायची तशीच राहिली होती.